पाऊण तासाच्या रात्री, शंभर तासांचा गेम

तुम्ही विचारलंय ते आधी माझ्या शब्दांत सांगतो, समजण्यात माझी काही चूक होत असेल तर लगेच कळेल. तुमची नोकरी पीथमपूरला, घरी यायला आठ वाजतात आणि जेवणं आटोपून रोज जेमतेम पाऊण तास हाताशी उरतो. वापरलेला पीएस-फोर, म्हणजे सोनीचा गेम कन्सोल, घेतलाय. अकरा वर्षांची पुतणी शेजारी बसून बघत असते. इंदूरच्या जेल रोडला ‘ड्रॅगन क्वेस्ट इलेव्हन एस’ या गेमची जुनी डिस्क मिळतेय. एक मित्र म्हणतो असा रोल-प्लेइंग गेम (नायक बनून लांबलचक गोष्ट जगायची, असा) पुन्हा होणे नाही, दुसरा म्हणतो पोरकट आहे, जुनाट आहे, झोप येते. यातलं कोणाचं ऐकायचं?

माझ्या मते दोघांचंही म्हणणं खरं आहे, आणि म्हणूनच त्यावरून तुम्हाला काही ठरवता येत नाहीये. एका बैठकीत चार-पाच तास खेळणाऱ्याला हा गेम एक दिसतो, रोज थोडा थोडा खेळणाऱ्याला दुसराच. तेव्हा तुमच्यापुरता प्रश्न एवढाच उरतो: पाऊण-पाऊण तासाचे तुकडे करून खेळलं तर यात जीव राहतो का, आणि पुतणीसमोर लावण्यासारखा आहे का.

इंदुरात माझं कन्सोल दुरुस्तीचं आणि डिस्कच्या अदलाबदलीचं दुकान आहे, पंधरा वर्षं होत आली. डिस्क परत घेताना मी ती उजेडाखाली तिरकी धरून ओरखडे बघतो आणि गिऱ्हाईकाला एक प्रश्न विचारतो: “सोडला कुठे?” काय आवडलं ते लोक आपणहून सांगतात. सोडला कुठे हे विचारावं लागतं, आणि गेमची खरी दुखणी तिथेच सापडतात. याच गेमची एक डिस्क एका कॉलेजच्या मुलाने तिसऱ्या दिवशी परत आणली. “भैया, यात काही होतच नाही,” म्हणाला. तीच डिस्क पुढे एका निवृत्त काकांनी नेली आणि अख्खा पावसाळा ठेवून घेतली. परत देताना त्यांनी विचारलं, याच्या आधीचे दहा भाग कुठे मिळतील? डिस्क तीच, ओरखडेही तेच.

गेमची पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो, कारण गुण आणि दोष दोन्ही तिथूनच आलेत. ही मालिका १९८६ साली जपानमध्ये फॅमिकॉम या निन्टेन्डोच्या जुन्या कन्सोलवर सुरू झाली. रचना युजी होरींची, संगीत कोइची सुगियामांचं आणि चित्रं अकिरा तोरियामांची. ‘ड्रॅगन बॉल’वाले ते हेच, त्यामुळे पुतणीने ते कार्टून पाहिलं असेल तर चेहऱ्यांची ठेवण ती लगेच ओळखेल. अकराव्या भागापर्यंत हे तिघं टिकून राहिले. सुगियामा २०२१ मध्ये गेले, तोरियामा २०२४ मध्ये. तिघांच्या हयातीत बाजारात आलेला मुख्य मालिकेतला हा शेवटचा भाग. जपानमध्ये तो २०१७ ला आला, बाकी जगात २०१८ ला, आणि तुम्हाला मिळते आहे ती वाढीव ‘एस’ आवृत्ती पीएस-फोरवर डिसेंबर २०२० मध्ये आली.

आता ‘जुनाट’ म्हणजे काय ते बघू. लढाई पाळीपाळीने चालते. तुमचे चार गडी एका बाजूला, राक्षस दुसऱ्या बाजूला. तुमची पाळी आली की यादीतून निवडायचं: वार, मंत्र, बचाव, औषध. तुम्ही निवडेपर्यंत समोरचा हालत नाही. ज्याने हाणामारीचे वेगवान गेम खेळलेत त्याला हे हात बांधून बसवल्यासारखं वाटतं. कॉलेजच्या त्या मुलाचं दुखणं नेमकं हेच होतं आणि ते खोटं नाही. पण तुमच्या घरात रात्री साडेनऊला कुकरची शिट्टी होणार, फोन येणार, कुणीतरी गोळ्या कुठे ठेवल्यात ते विचारणार. तुम्ही रिमोट सोफ्यावर ठेवून उठून जा. परत याल तेव्हा राक्षस जागेवरच असेल.

तुकड्यातुकड्याने खेळणाऱ्याची सोय या गेममध्ये आणखीही केलेली आहे, आणि तिच्याबद्दल लोक फारसं बोलत नाहीत. सेव्ह (जिथे थांबलात तिथली नोंद) उघडलात की ‘आतापर्यंतची गोष्ट’ दोन-चार ओळींत समोर येते. आठ दिवसांनी बसलात तरी आपण कुठे होतो, कुणाला शोधत होतो, हे आठवत बसावं लागत नाही. सोबत्यांशी बोललं तर पुढे कुठे जायचं तेही ते सांगतात. रानावनात ठिकठिकाणी मुक्कामाच्या जागा आहेत. तिथे देवीची मूर्ती असते, सेव्ह करता येतो आणि शेकोटीशेजारी झोपलं की फुकटात सगळे ताजेतवाने होतात. पातळी वाढली की जीव आणि मंत्रशक्ती दोन्ही आपोआप भरतात. ‘झूम’ मंत्राने पाहिलेल्या गावी क्षणात परत जाता येतं. ‘एस’ आवृत्तीत लढाईचा वेगही वाढवता येतो, नॉर्मल, फास्ट आणि अल्ट्रा फास्ट. माझं ऐका, पहिल्या दिवसापासून फास्टवर ठेवा.

हिशेब करून बघा. मुख्य गोष्ट शेवटची नावांची पाटी (गेम बनवणाऱ्यांची नावं) पडेपर्यंत साधारण साठ तासांची आहे. रोज पाऊण तास धरला तर ऐंशी रात्री. दिवाळीला सुरू केलात तर संक्रांतीच्या आसपास संपेल. हे ओझं वाटत असेल तर इथेच थांबा, कारण खेळायला लागल्यावर ते कमी होत नाही. पण रात्री एखादी दीर्घ कादंबरी दहा-दहा पानांनी वाचायची सवय असेल, तर हा गेम त्याच बैठकीचा आहे.

मला यातलं सर्वांत आवडतं ते म्हणजे छोट्या छोट्या गोष्टींत भरलेली गोडी. एक उदाहरण देतो. वाटेत कधीतरी ‘मेटल स्लाइम’ नावाचा चांदीसारखा चकचकीत थेंब दिसतो. त्याला मारलं तर अनुभवाचे गुण एकदम भरपूर मिळतात. पण एका वाराने त्याचा एखादाच गुण कमी होतो, बरेच वार तर वाया जातात, आणि तो केव्हाही पळून जाऊ शकतो. मग तुम्ही, पुतणी, सोफ्यावरून उठून आलेली वहिनी, सगळे श्वास रोखून बसता. एकाचा वार फुकट गेला. दुसऱ्याने एक गुण कमी केला. आता त्याची पाळी. पळाला! त्या एका मिनिटात जे वाटतं, ते वेगवान गेमला एवढ्या साध्या साधनांत जमलेलं मी फारसं पाहिलेलं नाही. असाच दुसरा आनंद भट्टीचा. लोखंड तापलेलं असताना हातोडीचे ठोके मोजून मारायचे, प्रत्येक ठोक्यागणिक ते निवत जातं, नेमक्या खुणेवर थांबलात तर तलवार चांगली बनते. दहा मिनिटं उरली असतील आणि लढाईचा कंटाळा आला असेल, तर त्या रात्री नुसती भट्टी चालवा.

आता दोष. यातले दोन मला मनापासून खुपतात, बाकीच्यांवर फार वेळ घालवणार नाही.

पहिला दोष नायकाचं मौन. गोष्ट अशी: एका राज्याच्या नाशातून वाचलेलं तान्हं मूल नदीतून वाहत एका खेड्यात पोचतं, तिथे दत्तक आई आणि आजोबा त्याला वाढवतात. सोळाव्या वर्षी तो आपण कोण हे विचारायला मोठ्या आशेने राजाकडे जातो, आणि राजा त्याला सैतानाचा अंश म्हणून तुरुंगात टाकतो. तिथून निसटून तो गावाकडे धावतो. हे पहिल्या काही तासांतलंच आहे, म्हणून सांगतोय. एका झाडाच्या मुळाच्या जादूने त्याला आपलं गाव दिसतं, पण तो लहान असतानाचं. कुणी त्याला ओळखत नाही. वारलेले आजोबा जिवंत आहेत, समोर उभे आहेत.

हा प्रसंग मी खेळत होतो तेव्हा पावसाळ्याचे दिवस होते. मागे आई बसून कीस करायला भुट्टे किसत होती. किसणीचा आवाज थांबला आणि ती म्हणाली, “अरे, आजोबा समोर आहेत आणि हा मुलगा काही बोलत का नाही?” मला उत्तर देता आलं नाही. १९८६ मध्ये पडद्यावर नायक म्हणजे बोटाच्या पेराएवढे चार ठिपके होते, तेव्हा त्याचं मौन चालून जायचं, त्याच्या जागी आपण बोलायचो. इथे त्याचा चेहरा अख्खा पडदा भरून दिसतो, भोवतालचे सगळे आवाज काढून रडतात, हसतात, आणि तो फक्त मान हलवतो. परंपरा म्हणून हे जपलंय हे मला समजतं. तरी आईचं म्हणणं बरोबर होतं. सुदैवाने सोबती इतके जिवंत आहेत की पोकळी बरीचशी भरून निघते. त्यातही सिल्व्हँडो नावाचा सर्कसवाला. पहिल्या भेटीत तो निव्वळ विदूषक वाटतो, पण गोष्टीच्या मधल्या भागात सगळं अंधारलेलं असताना लोकांना उभं करण्याचं काम तो करतो. त्याच्यासाठी मी हा गेम दुसऱ्यांदा खेळलो.

दुसरा दोष म्हणावा की नाही हे घराघरावर अवलंबून आहे: भाषा. हिंदी नाही, मराठीचा तर प्रश्नच नाही. आणि यातलं इंग्रजी शाळेतलं इंग्रजी नाही. भाषांतर करणाऱ्यांनी प्रत्येक प्रदेशाला आपली बोली दिली आहे. गोंडोलिया या कालव्यांच्या शहरातले लोक इटालियन वळणाचं बोलतात. होत्तो नावाच्या गरम झऱ्यांच्या गावात माणसं हायकूत बोलतात. समुद्राखालच्या नॉटिकात सगळी बोलणी यमकांत. इंग्रजी चांगलं असलेल्याला यात फार मजा आहे. आपण इंदूरची माणसं, एका वाक्यात मराठी, हिंदी आणि माळवी घालतो, तेव्हा बोलीतून गाव ओळखायची गंमत आपल्याला वेगळी सांगायला नको. पण माझा भाचा इंग्रजी माध्यमात शिकूनही होत्तोमध्ये अडखळला, “मामा, हे वाक्य चुकलंय का?” असं विचारायला लागला. मंत्रांची नावंही अर्थावरून कळत नाहीत: आगीचा ‘फ्रिझ’, बर्फाचा ‘क्रॅक’, वाऱ्याचा ‘वूश’. पहिला आठवडा एका कागदावर लिहून ठेवा, मग सवय होते. मोठ्या प्रसंगांना आवाज आहे, पण गावकऱ्यांचं बोलणं वाचावंच लागतं. पुतणीला मोठ्याने वाचायला लावा. एका गिऱ्हाईकाच्या घरी असंच चाललं, आणि मुलीला न कळलेले शब्द ते दोघं मिळून शोधायचे.

बाकीचे दोष भराभर सांगतो. गेम सोपा आहे. मधूनच एखादा बॉस, म्हणजे टप्प्याच्या शेवटचा मोठा शत्रू, दणका देतो, ऑक्टागोनिया शहरातला कोळीकिडा त्यातलाच, पण बचाव वाढवणारे आणि शत्रूचा बचाव उतरवणारे मंत्र वापरायला शिकलात की अडत नाही. अवघड हवा असेल तर सुरुवातीलाच ‘ड्रॅकोनियन क्वेस्ट’ची बंधनं लावता येतात, जसं राक्षस जास्त बळकट करणं. नंतर ती गेममधल्या चर्चमध्ये काढता येतात, पण काढली की परत लावता येत नाहीत. तुमच्या वेळेच्या हिशेबात मी ती लावणार नाही. चालता-फिरता वाजणारं तेच ते संगीत चाळीस तासांनंतर कानाला बोचतं. पहिल्या आवृत्तीत ते सिंथेसायझरवरचं होतं आणि त्याबद्दल खूप ओरड झाली. ‘एस’मध्ये टोकियो मेट्रोपॉलिटन सिम्फनी ऑर्केस्ट्राने वाजवलेलं आहे, फरक पहिल्या मिनिटाला कळतो. हवं तर आठव्या भागाचं संगीत लावायचीही सोय आहे. चित्रांच्या बाबतीत मात्र उलटं झालंय. ‘एस’ निन्टेन्डोच्या स्विच कन्सोलसाठी बनवलेल्या आवृत्तीवरून पीएस-फोरवर आणली, त्यामुळे लांबची झाडंझुडपं मूळ पीएस-फोर आवृत्तीइतकी दाट नाहीत. शेजारी शेजारी लावून बघितलं तर जाणवतं, नाहीतर नाही.

पुतणीबद्दल तुम्ही विशेष विचारलंत. युरोपातल्या मानांकनात हा बारा वर्षांवरच्यांसाठी आहे. रक्तपात नाही. कॅसिनो आहे, पण त्यात खऱ्या पैशाचा संबंध नाही. काही ठिकाणी ‘पफ-पफ’ नावाचा एक चावट विनोद येतो, एखाददुसरा पोशाख तोकडा आहे. शेजारी बसून खेळणार असाल तर मला त्यात अडचण वाटत नाही, पण मूल तुमच्या घरचं, निर्णय तुमचा. मित्राने त्याऐवजी ‘पर्सोना फाइव्ह’ सुचवला असेल तर तो गेम उत्तम आहे, मला अतिशय प्रिय आहे, पण त्याची सुरुवातच शाळेतल्या मुलांवरच्या अत्याचारापासून होते. तो पुतणी झोपल्यावरचा गेम. ‘विचर थ्री’ही तसाच, निखळ प्रौढांसाठी.

शेवटच्या भागाबद्दल सांगितलं नाही तर फसवल्यासारखं होईल. नावांची पाटी पडल्यावर गेम संपत नाही, याच गोष्टीचा तिसरा भाग सुरू होतो, आणि खरा शेवट तिथे आहे. त्यात गोष्टीच्या दुसऱ्या भागात माणसांनी जे गमावलं, ज्यातून ती मोठी झाली, त्यातलं बरंच पुसलं जातं. काय ते सांगत नाही. अनेकांना हा भाग आवडतो, कारण सर्वांत अवघड लढाया आणि सर्वांत मोठी बक्षिसं तिथेच आहेत. मला मात्र दुसऱ्या भागाचा शेवट जास्त खरा वाटला. तुम्ही पाटीपाशी थांबलात तरी गोष्ट अर्धवट सोडल्यासारखी वाटणार नाही. म्हणूनच मी साठ तासांचा हिशेब दिला. पुढे जायचं असेल तर शंभराची तयारी ठेवा.

तेव्हा तुमच्या परिस्थितीत माझं मत ‘घ्या’ असं आहे. एका अटीवर: रोज संध्याकाळी अंगातली रग जिरवायला तुम्हाला बटणांची आपटाआपटी लागत असेल तर हा तुमचा गेम नाही, आणि दहाव्या दिवशी तुम्ही डिस्क परत घेऊन याल. हे तुम्हाला आज माहीत नसेल तर पैसे देण्याआधी कळायचा सोपा मार्ग आहे. ‘एस’चा मोफत डेमो आहे, साधारण दहा तासांचा, आणि त्यातला सेव्ह पुढे पूर्ण गेममध्ये चालतो. वर सांगितलेला आजोबांचा प्रसंग त्यात येऊन जातो. तिथवर जाऊनही मन गुंतलं नाही तर डिस्क घेऊ नका. एक सावधगिरी: डिस्क वेगळ्या रीजनची (वेगळ्या देशांसाठी काढलेली) असेल तर ती चालेल, पण डेमोचा सेव्ह तिला लागेलच असं नाही.

घेताना पाकिटावर ‘एस’ आणि ‘डेफिनिटिव्ह एडिशन’ ही अक्षरं आहेत का ते बघा. पीएस-फोरवर २०१८ ची मूळ आवृत्तीही डिस्कवर आलेली आहे, नाव जवळजवळ तेच आणि जुन्या मालात दोन्ही एकत्र पडलेल्या असतात. मूळ आवृत्तीत ऑर्केस्ट्रा नाही, लढाईचा वेग वाढवता येत नाही, आणि तिचा सेव्ह ‘एस’मध्ये उघडत नाही. पाकिट आणि डिस्क दोन्हीवरचं नाव वाचा, पाकिटं बदललेली असतात. डिस्क उजेडात तिरकी धरा. बारीक रेघा चालतील, नख अडकेल असा ओरखडा नको. “पॉलिश करून देतो,” असं कुणी म्हणालं तर नाही म्हणा. पीएस-फोरची डिस्क ब्लू-रे असते, तिच्यात माहितीचा थर पृष्ठभागापासून जेमतेम ०.१ मिलिमीटर आत असतो, डीव्हीडीसारखं घासून चालत नाही. दुकानातच कन्सोलला लावून इन्स्टॉल पूर्ण होऊ द्या, वेळ लागला तरी. खराब डिस्क बहुधा मध्येच अडकते.

आणि पावसाळ्यात एवढं करा: पीएस-फोर रेस्ट मोडमध्ये (पूर्ण बंद न करता गेम तसाच थांबवून) ठेवून झोपायची सवय असेल तर त्याआधी चर्च किंवा देवीच्या मूर्तीपाशी सेव्ह करा. रात्री लाइट गेली की रेस्ट मोडमधला गेम जातो. गेममधल्या नव्या ठिकाणी शिरताना गेम स्वतःही सेव्ह करत असतो, पण भट्टीवर घालवलेली सगळी रात्र त्या दोन सेव्हच्या मध्ये अडकलेली असू शकते. माझ्याकडे कन्सोल घेऊन आलेल्या कितीतरी जणांना “मशीन बिघडलं, सेव्ह उडाला” असं वाटलेलं असतं. मशीन ठीक असतं, सेव्ह केलेलाच नसतो.

गेम सुरू होताच नायकाचं नाव विचारलं जातं. ते पुतणीला लिहू द्या. पुढचे ऐंशी दिवस तो कुणाच्याच प्रश्नाला उत्तर देणार नाही, पण “आता याने काय म्हटलं असेल?” हे तुम्ही तिला विचारू शकता. आईने भुट्टे किसता किसता माझ्यासाठी तेच केलं होतं.